विलायतेच्या दप्तरांतून घराण्याचा माग कसा काढावा

वंशावळ पाहायची तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जावे, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्याय नेमकी वही बाहेर काढतात आणि चार-पाच पिढ्यांपूर्वी घरातले कोण येऊन गेले, त्यांनी मागे कोणाची नावे लिहून ठेवली, ते दाखवतात. ब्रिटनमध्ये आडनाव-गावानुसार बांधलेली अशी वही नाही. तेथे नोंदींची रेलचेल आहे, पण त्यांतील बहुतेक घराण्यांसाठी लिहिलेल्या नाहीत. पाद्रीने बाप्तिस्म्याची नोंद केली ती वरून हुकूम होता म्हणून, प्रगणकाने घरातली माणसे मोजली ती सरकारला आकडे हवे होते म्हणून आणि न्यायालयाने मृत्युपत्राची नक्कल ठेवली ती मालमत्तेचा तंटा होऊ नये म्हणून. म्हणून विलायतेचे कोणतेही पान हाती आले की आधी तीन प्रश्न विचारावेत: हे कोणी लिहिले, कशासाठी लिहिले आणि लिहिणाऱ्याला ते कोणी सांगितले? पुढील सगळी पद्धत या प्रश्नांवर उभी आहे.

मराठी वाचकाला हे शोधकाम निरनिराळ्या कारणांनी करावे लागते. कोणाची सून किंवा जावई ब्रिटिश असतो आणि नातवंडांना दोन्हीकडचे कूळ सांगायचे असते. भुसावळ, इगतपुरी, कल्याण येथील रेल्वे वसाहतींत वाढलेल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांना विलायतेतल्या मूळ गावाचा पत्ता हवा असतो. कोणाचे पणजोबा बॅरिस्टर व्हायला लंडनला गेलेले असतात, तर स्थानिक इतिहासाच्या एखाद्या अभ्यासकाला आपल्या गावच्या जुन्या कबरस्तानातील नावामागचा माणूस शोधायचा असतो. पद्धत सर्वांना एकच आहे.

ती समजावी म्हणून येथे सर्वांना ठाऊक असलेले एक कुटुंब उदाहरणाला घेतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवणारे आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील शिल्पपट्टांचे कर्ते जॉन लॉकवुड किपलिंग, त्यांची पत्नी अ‍ॅलिस आणि मुंबईत जन्मलेला त्यांचा मुलगा, ‘जंगल बुक’चा लेखक रुडयार्ड, यांच्या चरित्रातील तारखा प्रसिद्ध आहेत. उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे कोणती नोंद कोठे सापडावी आणि कोठे सापडणार नाही, हे या कुटुंबावर ताडून पाहता येते. नवशिक्याने आपल्या घराण्याला हात घालण्यापूर्वी असा एक सराव जरूर करावा.

घरापासून आरंभ

पहिले काम संगणकावर नाही, घरातच करायचे आहे. वडीलधाऱ्या माणसांना विचारावे, जुनी पत्रे, प्रार्थनापुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या तारखा, पदके, नोकरीचे दाखले, फोटोंच्या पाठीवरचे शेरे पाहावेत. जे ऐकले ते ऐकीव म्हणून आणि जे कागदावर पाहिले ते कागदावरचे म्हणून, असे वेगवेगळे लिहून ठेवावे. आपण एका नामांकित सरदाराचे वंशज आहोत, ही कथा विलायतेतही घरोघरी असते. ती टाकून देऊ नये, पण तिच्यापासून आरंभही करू नये.

नियम असा की ज्ञात माणसापासून अज्ञाताकडे, एका वेळी एकच पिढी मागे जायचे. चारशे वर्षांपूर्वीच्या कोणा प्रसिद्ध पुरुषापासून खाली आपल्यापर्यंत यायचा प्रयत्न केला तर आडनावाच्या साम्याखेरीज हाती काही लागत नाही, आणि आडनावाचे साम्य म्हणजे नाते नव्हे. शिवाय आरंभी एकच प्रश्न निश्चित करावा. ‘सगळे घराणे शोधायचे आहे’ हा प्रश्न नव्हे. ‘पणजीचे माहेर कोणते’ हा प्रश्न आहे.

जन्म, विवाह, मृत्यू: नागरी नोंदणी

इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली. स्कॉटलंडमध्ये ती १ जानेवारी १८५५ पासून आहे. आयर्लंडमध्ये कॅथलिकेतर विवाहांची नोंदणी १८४५ पासून आणि उरलेली सगळी १८६४ पासून. या तारखा कागदावर लिहून भिंतीवर लावाव्यात, कारण कोठे शोधायचे ते त्यांवरून ठरते. लॉकवुड किपलिंग यांचा जन्म यॉर्कशरमधील पिकरिंग येथे ६ जुलै १८३७ रोजी झाला, म्हणजे नोंदणी सुरू झाल्यावर पाचच दिवसांनी. अ‍ॅलिस मॅक्डोनल्ड यांचा जन्म त्याच वर्षी ४ एप्रिलला शेफिल्डमध्ये झाला. नवराबायको एकाच वर्षी जन्मलेले, पण पतीचा जन्म सरकारी सूचीत शोधता येतो आणि पत्नीचा तेथे शोधणे व्यर्थ आहे. तिच्यासाठी चर्चच्या वहीकडेच वळावे लागते. पतीची नोंदही मिळेलच असे मात्र समजू नये. आरंभीच्या दशकांत जन्म नोंदवला नाही म्हणून पालकांना दंड होत नसे. ती सक्ती १८७५ पासून खऱ्या अर्थाने आली. तोवर अनेक जन्म, विशेषतः मोठ्या शहरांतले, निसटून गेलेले आहेत.

शोध सूचीपासून सुरू होतो. सूची तिमाहीवार आहे: मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर अखेरची. जन्माच्या बाबतीत ही तिमाही घटनेची नसून नोंदणीची असते, आणि जन्म नोंदवायला बेचाळीस दिवसांची मुदत होती. रुडयार्डच्या बहिणीचा जन्म इंग्लंडमध्ये ११ जून १८६८ रोजी झाला. पालकांनी जूनअखेरपूर्वी नोंद केली असेल तर ती जून तिमाहीत मिळेल. जुलैत केली असेल तर सप्टेंबर तिमाहीत. म्हणून नेहमी एक तिमाही पुढे पाहावे. ‘नोंद नाही’ असे ठरवून टाकण्यामागे पुष्कळदा हेच एक कारण असते.

स्वयंसेवकांनी तयार केलेली फ्रीबीएमडी ही सूची विनामूल्य पाहता येते. जुन्या छापील सूचीत आईचे माहेरचे आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच दिसते आणि विवाहाच्या सूचीत जोडीदाराचे आडनाव १९१२ पासून. मात्र जनरल रजिस्टर ऑफिसने, म्हणजे या नोंदणीच्या सरकारी कार्यालयाने, स्वतःच्या संकेतस्थळावर जी नवी सूची केली आहे तिच्यात आईचे माहेर १८३७ पासूनच्या जन्मांना दिलेले आहे. तिचा उपयोग फार मोठा आहे: वडिलांचे आडनाव आणि आईचे माहेर ही जोडी देऊन शोधले की एका दांपत्याची सगळी मुले, अगदी बालपणी गेलेलीसुद्धा, एकापाठोपाठ दिसू लागतात.

येथे मराठी वाचकाने एक सवय मोडली पाहिजे. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे. इंग्रजांकडे मधले नाव कोणाचेही असू शकते, पण ते आडनावासारखे दिसत असेल तर बहुधा आजोळचे असते. जॉन लॉकवुड किपलिंग यांच्या आईचे माहेरचे आडनाव लॉकवुड होते. रुडयार्डचे पूर्ण नाव जोसेफ रुडयार्ड. त्यातील जोसेफ हे आजोबांचे नाव, म्हणजे आपल्यासारखेच, आणि रुडयार्ड हे आईवडिलांची जेथे भेट झाली त्या स्टॅफर्डशरमधील तलावाचे. सूचीत नुसता ‘रुडयार्ड’ शोधणाऱ्याला ‘जोसेफ’च्या रांगेत उभा असलेला माणूस दिसणार नाही. ज्या नावाने जग हाक मारते ते नोंदीत दुसरे असू शकते, हे कायम ध्यानात ठेवावे.

सूचीतील खंड आणि पृष्ठ क्रमांक मिळाला की दाखला मागवायचा. तो परदेशातूनही मागवता येतो. जुन्या जन्म-मृत्यूंची डिजिटल प्रत छापील दाखल्यापेक्षा स्वस्त पडते. विवाहासाठी मात्र छापील दाखलाच घ्यावा लागतो. त्यातही पैसे वाचवण्याची एक सोय आहे. १८३७ नंतर चर्चमध्ये लागलेल्या विवाहाच्या नोंदवहीत आणि सरकारी दाखल्यात रकाने तेच असतात. तेव्हा त्या चर्चच्या वहीचे छायाचित्र एखाद्या संकेतस्थळावर असेल तर दाखला मागवण्याची गरज नाही.

दाखला वाचण्याचे काही बारकावे आहेत. इंग्लंडमधील जन्मदाखल्यात तारखेसोबत जन्मवेळ दिली असेल तर ते बहुधा जुळे असते. दुसरे मूल शोधावे. वडिलांचा रकाना कोरा असेल तर आईवडिलांचे लग्न झालेले नव्हते असे समजावे. विवाहदाखल्यात वयाच्या जागी ‘पूर्ण वयाचा’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ एकवीस किंवा त्याहून अधिक, एवढाच. विवाहदाखल्यात वराच्या आणि वधूच्या वडिलांची नावे व व्यवसाय असतात, आईची नावे नसतात. इंग्लंड-वेल्समध्ये ती मे २०२१ मध्ये आली. ज्या समाजाने मधल्या नावात आजोळ जपले त्याच्या विवाहनोंदीत आईला जागा मिळायला एवढा काळ लागावा, हे जरा नवलच. साक्षीदारांच्या सह्या मात्र न चुकता पाहाव्यात. त्यांत विवाहित बहिणीचे नवे आडनाव पुष्कळदा सापडते.

मृत्युदाखला सर्वांत कमी भरवशाचा, कारण त्यातील माहिती देणारा मृत माणूस नसतो. वय जावयाने किंवा शेजारणीने अंदाजाने सांगितलेले असते. स्कॉटलंडचे दाखले याबाबतीत फार उजवे आहेत: तेथील मृत्युदाखल्यातही मृताच्या आईवडिलांची नावे आणि आईचे माहेर असते. ते स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर थोडे पैसे भरून लगेच पाहता येतात. ज्याचे पूर्वज स्कॉटिश त्याचे नशीब चांगले, असे या कामात म्हणतात ते उगीच नव्हे.

खानेसुमारी: एका रात्रीचे घर

ब्रिटनची खानेसुमारी १८०१ पासून दर दहा वर्षांनी झाली, पण पहिल्या चारींत नावे क्वचितच टिकली. शोधकामाला उपयोगी ती १८४१ पासूनची. कायद्याने ती शंभर वर्षे बंद असते, त्यामुळे आज १९२१ पर्यंतची पाहता येते. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची सगळी पाने १९४२ च्या आगीत जळाली आणि १९४१ ची खानेसुमारी युद्धामुळे झालीच नाही. म्हणून १९२१ नंतर तीस वर्षांची पोकळी आहे. ती थोडी भरून काढते ती २९ सप्टेंबर १९३९ रोजी ओळखपत्रे व शिधापत्रिकांसाठी केलेली नोंदवही. तिच्यात जन्मतारखा आहेत, मात्र हयात असण्याची शक्यता असलेल्या माणसांच्या ओळी झाकलेल्या असतात.

खानेसुमारी म्हणजे ठरलेल्या एका रात्री त्या छपराखाली कोण झोपले होते त्याची यादी. ते कुटुंबाचे चित्र नव्हे. पाहुणी आलेली मावशी त्यात असते आणि वसतिगृहात असलेला मुलगा नसतो. ३० मार्च १८५१ च्या रात्री लॉकवुड तेरा वर्षांचे होते आणि वेस्ली पंथाच्या धर्मोपदेशकांच्या मुलांसाठी असलेल्या वुडहाउस ग्रोव्ह या शाळेत शिकले होते. अशा मुलाला आईवडिलांच्या पानावर न शोधता शाळेच्या पानावर शोधावे.

प्रत्येक खानेसुमारीचा स्वभाव निराळा आहे. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरील माणसांची वये सामान्यतः पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांचा माणूस चाळीसचा दिसतो. नाते लिहिलेले नाही आणि जन्मस्थानाऐवजी ‘याच परगण्यात जन्म झाला काय’ याचे हो-नाही एवढेच उत्तर आहे. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नाते, वैवाहिक स्थिती, वय आणि जन्मगाव असे सगळे मिळते, आणि हे जन्मगावच १८३७ पूर्वीच्या चर्चच्या वहीची किल्ली असते. १९०१ पर्यंत आपण वाचतो ती प्रगणकाने उतरवून घेतलेली प्रत. १९११ मध्ये मात्र कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला कागद टिकलेला आहे आणि त्यात विवाहाला किती वर्षे झाली, किती मुले झाली, किती हयात आहेत, तेही विचारलेले आहे. सूचीत न दिसलेले मेलेले मूल या एका आकड्यावरून उघड होते. १९२१ च्या कागदात नोकरी देणाऱ्याचे नावही आहे.

माणूस खानेसुमारीत न दिसणे हीसुद्धा माहितीच आहे. लॉकवुड १८६५ मध्ये मुंबईला आले, १८७५ मध्ये लाहोरला गेले आणि १८९३ मध्ये निवृत्त होऊन परतले, त्यामुळे मधल्या काळात, रजेवर आले असतील तेवढे सोडून, ते इंग्लंडच्या पानांवर दिसणार नाहीत. परतल्यावर ते विल्टशरमधील टिसबरीला राहिले, म्हणून १९०१ मध्ये तेथे पाहावे. अ‍ॅलिस नोव्हेंबर १९१० मध्ये आणि लॉकवुड जानेवारी १९११ मध्ये वारले. खानेसुमारी २ एप्रिलला झाली. दोन खानेसुमाऱ्यांमध्ये माणूस नाहीसा झाला की मृत्यूच्या सूचीत त्या दहा वर्षांच्या तिमाह्या चाळाव्यात, हे या उदाहरणावरून आपोआप कळते.

नाव सापडत नसेल तर ते बहुधा चुकीचे वाचले गेलेले असते. तेव्हा आडनाव सोडून द्यावे आणि पहिले नाव, अंदाजे वय व जन्मगाव एवढ्यावर शोधावे, किंवा कुटुंबातील सर्वांत दुर्मिळ नावाच्या मुलावरून शोधावे. मेरी नावाच्या आईपेक्षा हेप्झिबा नावाची मुलगी लवकर सापडते.

चर्चच्या वह्या

१८३७ च्या मागे गेले की पॅरिशचे राज्य सुरू होते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला मुलूख. हेन्री आठवा याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवावी असा हुकूम काढला. सुरुवातीची बरीच कागदी पाने गेली; १५९८ मध्ये चामड्यावर नकला करण्याचा आणि दरवर्षी एक प्रत बिशपकडे पाठवण्याचा नियम झाला. मूळ वही ओलीने किंवा उंदरांनी खाल्ली असेल तर या बिशपच्या प्रती उपयोगी पडतात, आणि मूळ वही शाबूत असली तरीही त्या पाहाव्यात, कारण नकलाकाराने कधी एखादा शब्द जास्त लिहिलेला असतो. सतराव्या शतकाच्या मध्यावरील यादवी युद्धाच्या काळात मात्र अनेक वह्यांत वर्षानुवर्षांची पाने कोरी आहेत. तेथे कुळाचा धागा तुटला तर स्वतःला दोष देऊ नये.

या वह्यांत जन्म नसतो, बाप्तिस्मा असतो. मृत्यू नसतो, दफन असते. जन्म आणि बाप्तिस्मा यांत सामान्यतः काही आठवड्यांचे अंतर असते, पण कधी पाच-सात भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी उरकलेला आढळतो. जुन्या नोंदी त्रोटक असतात: ‘विल्यमचा मुलगा जॉन’, झाले. दोन कायद्यांनी स्थिती सुधारली. २५ मार्च १७५४ पासून लागू झालेल्या हार्डविक यांच्या कायद्याने विवाह चर्चमध्येच, पूर्वघोषणा किंवा परवाना घेऊन, वेगळ्या वहीत सह्यांसह नोंदवणे बंधनकारक केले. क्वेकर नावाचा ख्रिस्ती पंथ आणि ज्यू यांनाच त्यातून सूट होती. १ जानेवारी १८१३ पासून रोझ यांच्या कायद्याने छापील रकाने आले, त्यामुळे बाप्तिस्म्यात वडिलांचा धंदा व राहण्याचे ठिकाण आणि दफनात वय मिळू लागले.

तारखांचा एक सापळा आहे. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलत असे. म्हणजे वहीतील १० फेब्रुवारी १७२० हा आपल्या हिशेबाने १७२१ चा फेब्रुवारी होय. ज्याने शकातून इसवी काढताना ७८ मिळवायचे की ७९, यावर डोके खाजवले आहे त्याला हे सांगून पटवावे लागणार नाही. अशा तारखा १७२०/२१ अशा जोडवर्षाने लिहून ठेवाव्यात. १७५२ मध्येच पंचांगसुधारणेसाठी अकरा दिवस गाळले गेले. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर उजाडला.

जुने हस्ताक्षर हा दुसरा अडथळा. सोळाव्या-सतराव्या शतकांतील वळण आजच्या इंग्रजी वाचकालाही मोडीइतकेच परके असते, आणि मध्येमध्ये लॅटिन येते. मोडी शिकताना जी युक्ती वापरतात तीच येथे चालते: ओळखीच्या शब्दांवरून, म्हणजे महिन्यांची आणि नेहमीची नावे यांवरून, त्या लेखकाच्या अक्षरांचा तक्ता करावा आणि मग अवघड शब्दाकडे वळावे. लंडनजवळील क्यू येथील नॅशनल अर्काइव्ह्जने यासाठी विनामूल्य धडे संकेतस्थळावर ठेवले आहेत.

सगळेच लोक चर्च ऑफ इंग्लंडचे नव्हते. अ‍ॅलिसचे आणि लॉकवुडचे वडील दोघेही वेस्ली पंथाचे मेथडिस्ट धर्मोपदेशक होते. या पंथाच्या बाप्तिस्म्यांच्या वह्या वेगळ्या. त्यांतील बऱ्याच १८३७ नंतर सरकारजमा झाल्या आणि आता क्यू येथे आहेत. धर्मोपदेशकांची दर दोन-तीन वर्षांनी बदली होत असे, म्हणून त्यांची मुले निरनिराळ्या शहरांत जन्मलेली असतात. अ‍ॅलिस शेफिल्डची तर तिची बहीण जॉर्जियाना बर्मिंगहॅमची. अशा घराचा शोध गावावरून घेऊ नये, बदल्यांच्या यादीवरून घ्यावा. मात्र विवाहासाठी १७५४ ते १८३७ या काळात मेथडिस्टांनाही चर्च ऑफ इंग्लंडमध्येच जावे लागे, म्हणून बाप्तिस्मा एकीकडे आणि विवाह दुसरीकडे सापडला तर गोंधळू नये.

मृत्युपत्रे आणि सैनिक

१२ जानेवारी १८५८ पासून इंग्लंड-वेल्समधील मृत्युपत्रांचा कारभार सरकारकडे आला आणि तेव्हापासून प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्रांना मिळालेल्या मंजुरीची, वर्षवार छापील यादी आहे. तिच्यात मृत्यूची तारीख, पत्ता, मालमत्तेची किंमत आणि व्यवस्थापकांची नावे असतात, आणि ती पाहायला पैसे पडत नाहीत. त्यापूर्वी हे काम चर्चच्या न्यायालयांकडे होते. त्यांतील सर्वांत मोठ्या, कँटरबरीच्या न्यायालयाची मृत्युपत्रे नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये १३८४ पासून आहेत. मृत्युपत्र फक्त श्रीमंतांचेच असते असे नाही. सुतार, शेतकरी, विधवा यांचीही मिळतात, आणि ‘माझी मुलगी, अमक्याची बायको’ या एका शब्दप्रयोगात जे सापडते ते दहा बाप्तिस्म्यांत सापडत नाही.

सैनिकांबाबत आधीच सांगून ठेवावे की पहिल्या महायुद्धातील शिपायांच्या सेवापुस्तिकांपैकी निम्म्याहून अधिक सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमध्ये जळाल्या. जे उरले ते करपलेल्या कडांसह पाहायला मिळते. मृतांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी विनामूल्य आहे. पण तीही अंतिम मानू नये: रुडयार्डचा मुलगा जॉन सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत पडला, वडील त्या आयोगाचे सदस्य असूनही त्यांच्या हयातीत त्याची कबर सापडली नाही, १९९२ मध्ये एका कबरीवर त्याचे नाव घातले गेले आणि ते बरोबर की चूक यावर नंतरही वाद झाला.

मुंबई इलाख्यातील नोंदी

आपल्याला सर्वांत जवळचा भाग हा. रुडयार्डचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला, बाप्तिस्मा सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये. इंग्लंडच्या नेहमीच्या जन्मसूचीत तो नाही. हिंदुस्थानातील चर्चांनी आपल्या वह्यांच्या नकला लंडनला पाठवायच्या असा नियम होता, आणि त्या नकला ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन’ या अक्षराखाली आहेत: एन/१ बंगाल, एन/२ मद्रास, एन/३ मुंबई. मुंबईची मालिका १७०९ पासून आहे. तिच्यात कंपनीचे नोकर, सैनिक, रेल्वेतले लोक, अँग्लो-इंडियन आणि काही प्रमाणात देशी ख्रिस्तीही येतात. छायाचित्रे फाइंडमायपास्ट या सशुल्क संकेतस्थळावर आहेत. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची सूची मात्र फुकट आहे, तेथूनच आरंभ करावा.

ही मालिका पूर्ण नाही. नक्कल पाठवायची राहिली किंवा पंथच निराळा होता म्हणून पुष्कळ नोंदी तिच्यात नाहीत. तेव्हा मूळ चर्चमध्ये जाऊन वही पाहण्याची तयारी ठेवावी, आणि तेथे पत्राने आगाऊ विनंती करून, अंदाजे वर्ष व नेमके नाव घेऊनच जावे. सैनिकी कुटुंबांसाठी जनरल रजिस्टर ऑफिसची पलटणींच्या जन्मांची वेगळी सूचीही आहे, आणि १९११ च्या खानेसुमारीत परदेशी तैनात असलेल्या ब्रिटिश पलटणी प्रथमच मोजल्या गेल्या, त्यामुळे पुणे किंवा देवळालीच्या छावणीतील सैनिकाचे कुटुंब तेथे मिळू शकते. कंपनीच्या फौजेत अधिकारी म्हणून भरती होणाऱ्या तरुणाला अर्जासोबत बाप्तिस्म्याचा दाखला द्यावा लागे. तो कागद इंडिया ऑफिसच्याच दप्तरातील एल/मिल/९ या मालिकेत टिकला असेल तर विलायतेतील मूळ पॅरिश एका झटक्यात कळते. कबरस्तानातील दगड वाचतानाही हाच हेतू ठेवावा. मात्र खडकीच्या युद्धस्मशानात दुसऱ्या महायुद्धानंतर इतर ठिकाणच्या कबरी आणल्या गेल्या, हे लक्षात घेऊन मृत्यू खडकीतच झाला असे लिहू नये.

उलट दिशेने विलायतेला गेलेल्या मराठी माणसाचा शोध जहाजांच्या उतारूंच्या याद्यांतून घ्यावा. ब्रिटनला आलेल्यांच्या याद्या १८७८ ते १९६० आणि तेथून निघालेल्यांच्या १८९० ते १९६० या काळातील आहेत. त्यांत वय, व्यवसाय आणि बहुधा ब्रिटनमधील पत्ता असतो. बॅरिस्टरीसाठी गेलेल्यांच्या प्रवेशनोंदी त्या त्या इनकडे, म्हणजे बॅरिस्टर घडवणाऱ्या लंडनमधील संस्थेकडे, असतात आणि त्यांत वडिलांचे नाव व ठिकाण दिलेले आढळते. येथे आपल्या नावांची पद्धत आडवी येते. इंग्रज कारकुनाने वडिलांच्या नावालाच आडनाव समजून सूचीत टाकले असेल, ही शक्यता धरून तिन्ही नावांखाली शोधावे, आणि ‘देशपांडे’ची स्पेलिंगे जितकी सुचतील तितकी करून पाहावीत.

नोंद ठेवण्याची शिस्त

या कामात खर्च होतो तो संकेतस्थळांच्या वर्गणीवर. आधी फॅमिलीसर्च, फ्रीबीएमडी यांसारखी मोफत साधने संपवावीत, प्रश्नांची यादी करावी आणि मग एखाद-दोन महिन्यांची वर्गणी घेऊन सगळे एकदम पाहावे. क्यू येथे प्रत्यक्ष जाणे शक्य असेल तर तेथील संगणकांवर १९२१ ची खानेसुमारीही फुकट पाहता येते. परगण्यांच्या अभिलेखागारांना ईमेल केले तर ठरावीक शुल्कात शोध घेऊन देणारे कर्मचारी तेथे असतात; पत्र जितके नेमके तितके उत्तर चांगले.

संकेतस्थळावरचा उतारा हा उतारा असतो. मूळ पानाचे छायाचित्र पाहिल्याशिवाय काहीही वंशावळीत लिहू नये. दुसऱ्या कोणी मांडलेल्या वंशावळी तेथे ढिगाने मिळतात, पण त्यांतील बऱ्याच एकमेकींवरून उतरवलेल्या असल्याने दहा ठिकाणी सापडलेली चूक दहा पुरावे म्हणून मोजू नये. त्यांचा उपयोग दिशा पाहण्यापुरता करावा.

प्रत्येक तारखेपुढे ती कोणत्या वहीतून, कोणत्या पानावरून घेतली आणि केव्हा पाहिली, हे लिहावे. शोधून न सापडलेल्या गोष्टींचीही यादी ठेवावी, नाहीतर सहा महिन्यांनी तीच सूची पुन्हा चाळत बसावे लागते. एकाच पॅरिशमध्ये, एकाच दशकात दोन जॉन टेलर जन्मले असतील तर दोघांनाही शेवटपर्यंत, म्हणजे विवाह, खानेसुमारी, मृत्युपत्र आणि दफनापर्यंत, पोचवून पाहावे. त्यांतला एक वर्षाचा होण्यापूर्वीच पुरला गेला असेल तर प्रश्न मिटतो. दोघेही जगले असतील तर दोन्ही नावे पेन्सिलीने लिहून ठेवावीत आणि आणखी एखादा कागद मिळेपर्यंत तशीच राहू द्यावीत.